चिंचोक्यांचे रस्ते

मंठ्याच्या आसमंतातील काळी जमीन कापसास मानवते. पण पाऊस लागला की तीच जमीन वाटसरूचा पाय धरून ठेवते. अशा मुलुखात मुरमाच्या वाटेचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु मुरूम थोडा आणि वाटा पुष्कळ. तेव्हा कोणत्या बांधाव्यात आणि कोणत्या सोडाव्यात?

मुलांनो, हे कोडे शाळेच्या अंगणातच सोडवून पाहा. पाच दगड मांडा आणि त्यांस शाळा, चावडी, विहीर, दवाखाना व बसथांबा अशी नावे द्या. खडूने वाटा ओढा. वाट जितकी लांब तितके तिच्यावर चिंचोके ठेवा. एक चिंचोका म्हणजे एक गाडी मुरूम. विहीर ते दवाखाना २, शाळा ते चावडी ३, चावडी ते विहीर ४, शाळा ते विहीर ५, चावडी ते दवाखाना ६, दवाखाना ते बसथांबा ७, शाळा ते बसथांबा ८. साऱ्याच वाटा बांधू म्हणाल, तर ३५ गाड्या होतील! अट एवढीच, की कोठूनही कोठे जाताना पाय चिखलात पडू नये.

प्रथम हात शाळेपासूनच चालू लागतो. शाळेतून चावडी, विहीर व बसथांबा, मग विहिरीवरून दवाखाना. हिशेब १८ झाला. आता दुसरी रीत पाहा. सर्वांत स्वस्त वाट आधी घ्या, मग तिच्याहून महाग. मात्र जिच्यामुळे वाटांचे कडे पूर्ण होते ती सोडा, कारण तिच्यावाचूनही तेथे पोहोचता येतेच. २, ३ व ४ घेतल्या, ५ आणि ६ सोडल्या, ७ घेतली. एकूण १६. याहून कमी कोणी करून दाखवावे!

ही रीत जोसेफ क्रुस्कल या अमेरिकन गणितज्ञाने १९५६ साली मांडली. त्यापूर्वीच, १९२६ साली, ओटाकार बोरूव्का या चेक गणितज्ञाने हाच प्रश्न सोडविला होता. मोराविया प्रांतात गावोगाव वीज न्यावयाची होती आणि तार वाचवावयाची होती.

पण आपल्या गावात एक अडचण उरतेच. शाळेतून बसथांब्यास जाणाऱ्या मुलांना आता चावडी, विहीर व दवाखाना असा १६ चा फेरा पडतो. ७ ची वाट सोडून ८ ची बांधली, तर केवळ एक गाडी अधिक लागून हा फेरा निम्मा होईल. मात्र मग जालन्यास न्यावयाच्या रोग्यास दवाखान्यातून बसथांबा गाठण्यास ७ ऐवजी १७ चा फेरा! चिंचोके येथे मुके होतात. दोघांस उभे करा, एकास शाळेपाशी व दुसऱ्यास दवाखान्यापाशी, आणि त्यांचे म्हणणे ऐकून मगच शेवटची वाट ओढा.