नकाशातील रंग कोणत्या सीमेत भरला आहे?

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर वसले आहे. तेथे वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस वीसएक किलोमीटरवर असलेल्या पाचगणीच्या वाट्यास त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. पसरणीचा घाट उतरून वाईस पोहोचावे, तो पाऊस हजार मिलिमीटरच्याही आत आलेला असतो. आणखी पूर्वेस माण तालुका लागतो. महाबळेश्वरपासून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या या तालुक्यात वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास घोटाळत राहतो.

आता राज्याचा पर्जन्यमानाचा एखादा नकाशा समोर घ्यावा. तो जिल्हावार रंगवलेला असेल तर संपूर्ण सातारा जिल्ह्यास एकच छटा दिलेली आढळेल. ती छटा जिल्ह्याच्या सरासरीची. तो आकडा महाबळेश्वरचाही नव्हे आणि माणचाही नव्हे. गणित बरोबर असते, नकाशा काढणाराही चुकलेला नसतो. तरीही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे गाव त्या नकाशावर शोधून सापडत नाही.

वितरण दाखविणाऱ्या नकाशांच्या तीन पद्धती शालेय भूगोलात शिकविल्या जातात. टिंब पद्धतीत प्रत्येक ठिपका ठरावीक संख्या दाखवितो. सममूल्य पद्धतीत समान मूल्याची ठिकाणे रेषेने जोडली जातात. पावसाच्या नकाशावरील समपर्जन्य रेषा त्या याच. तिसरी क्षेत्रघनी पद्धत. हिच्यात प्रशासकीय विभागांना आकड्यांनुसार फिकट-गडद छटा दिल्या जातात. शासकीय अहवालांत आणि वृत्तपत्रांत हीच पद्धत अधिक वापरली जाते, कारण आकडेवारी मुळात जिल्हावार अथवा तालुकावारच गोळा होत असते.

पावसास मात्र जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. सह्याद्रीची रांग उत्तर-दक्षिण पसरलेली असल्याने समपर्जन्य रेषाही साधारणपणे तशाच धावतात. याउलट नाशिक, पुणे, सातारा हे जिल्हे घाटमाथ्यावरून निघून पूर्वेकडील पठारापर्यंत आडवे गेले आहेत. इगतपुरी आणि येवला एकाच जिल्ह्यात, मुळशी आणि इंदापूर एकाच जिल्ह्यात. म्हणजे जिल्ह्यांच्या सीमा पावसाच्या रेषांना काटकोनात छेदतात. पश्चिम महाराष्ट्रातील जिल्हावार सरासरी अवर्षणाचा पट्टा झाकून टाकते, त्याचे कारण या भूरचनेत आहे.

आकड्याला सीमेतून मोकळे केले म्हणजे काय दिसू लागते, याचे प्रसिद्ध उदाहरण लंडनचे आहे. १८५४ साली तेथील सोहो भागात पटकीची साथ आली आणि सहाशेवर माणसे दगावली. पटकी दूषित हवेने होते, असा त्या काळचा समज होता. डॉ. जॉन स्नो यांनी वस्तीच्या नकाशावर प्रत्येक मृत्यू त्या त्या घरापुढे एका आडव्या रेघेने दाखविला. या रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती झाली. याहून बोलकी ठरली ती या दाटीतील मोकळी जागा. जवळच्याच अनाथाश्रमवजा निराधारगृहात ५३५ माणसे राहत होती. त्यांतील अवघी ५ दगावली, कारण तेथे स्वतःची विहीर होती. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागलेली होती, हे खरे. परंतु रोग पाण्यातून पसरतो या मतास भक्कम आधार मिळाला. हेच मृत्यू प्रभागवार मोजून प्रभागाला एक छटा दिली असती, तर तो पंप नकाशावर दिसलाच नसता.

महाराष्ट्रात हा एककाचा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता राहिलेला नाही. त्यावर निधीचे वाटप अवलंबून राहिले आहे. प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीहून जिल्हा किती मागे आहे ते मोजून समितीने सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. मोजणीचे एकक जिल्हा होते, त्यामुळे जिल्ह्याच्या पोटातील विषमता या हिशेबात उतरणे कठीण होते. पुढे विजय केळकर समितीने २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालात तालुका हे एकक धरण्यावर भर दिला.

दुष्काळाच्या बाबतीत तर उलटसुलट प्रवास घडला. महसूल खात्याची जुनी पैसेवारी गाववार ठरते. ती ५० पैशांहून कमी आली की गाव टंचाईग्रस्त ठरत असे. तिच्यावर आक्षेप पुष्कळ होते, पण तिची नजर गावावर होती. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पर्जन्य, वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओलावा असे शास्त्रीय निर्देशांक आले, आणि निकष तालुक्यास लावले जाऊ लागले. मोजमाप अधिक काटेकोर झाले; एकक मात्र मोठे झाले. २०२३ मध्ये राज्यात प्रथम ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. वगळलेल्या तालुक्यांतून तक्रारी आल्या. त्यानंतर सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस झालेल्या १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करून सवलती लागू करण्यात आल्या. आकाश तेच, पाऊस तोच. नकाशावरील चौकट लहान केल्याबरोबर हजारावर मंडळे दिसू लागली.

छटांच्या नकाशाचा आणखी एक दोष असा की, डोळा क्षेत्रफळाकडे ओढला जातो. गडचिरोली जिल्हा १४,००० चौरस किलोमीटरहून मोठा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार. मुंबई उपनगर जिल्हा साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आत. लोकसंख्या मात्र सुमारे ९३ लाख ५७ हजार. राज्याच्या नकाशावर पहिला ठसठशीत दिसतो, दुसरा पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जातो. दर किंवा टक्केवारी दाखवायची असल्यास छटा चालतात. माणसांची संख्या दाखवायची असेल तर टिंबेच वापरलेली बरी.

चौकट लहान करीत जाण्यालाही अखेर मर्यादा आहे. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली असून त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे. एका मंडळात मात्र अनेक गावे असतात. वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि ओढ्यापलीकडचे शिवार कोरडे राहते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. केंद्र ज्या शिवारात उभे असते, तेथे पडलेला पाऊस सगळ्या मंडळाच्या नावे नोंदला जातो. भरपाईचा अर्ज घेऊन आलेला दुसऱ्या टोकाच्या गावचा शेतकरी ‘आमच्याकडे थेंबही पडला नाही’ असे सांगतो, तेव्हा त्याचे म्हणणे आणि केंद्राची नोंद ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.