नाताळात वसईला

डिसेंबर महिन्यात नागपूरकडे थंडी कडाक्याची पडते. २०१८ साली तर डिसेंबरच्या शेवटी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. घरोघर शेकोट्या पेटतात. म्हातारी माणसे घोंगडी सोडत नाहीत. अशा दिवसांत आम्हांला वसईहून पत्र आले. 'नाताळला या. घोंगडी आणू नका, लागणार नाहीत.'

पत्र लिहिणारे आमचे जुने शेजारी. नोकरीमुळे बरीच वर्षे ते नागपुरात होते. धर्माने ख्रिस्ती, बोली मराठी. आमच्या दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जायचा, त्यांच्या नाताळचा आमच्याकडे यायचा. आता ते आपल्या गावी राहतात. गाव समुद्राला लागून आहे.

आम्ही निघालो २०२३ सालच्या नाताळात. बरोबर आमच्या गावचे काकाजी होते आणि त्यांचे दोन पुतणे. तिघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. काकाजी माळकरी. त्यांच्या पिशवीत दोन वस्तू होत्या, संत्री आणि पंचांग. संत्री यजमानांसाठी. पंचांग काहून घेतले, असे पोरांनी विचारले. काकाजी म्हणाले, "परवा दत्तजयंती हाय ना बाप्पा!"

नागपूरहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस निघते. ती सकाळी दादरला पोचवते. तेथे विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसायचे आणि वसई रोडला उतरायचे. दादरला गर्दी फार. पोरांचा हात सोडू नये.

वसईला उतरलो आणि अंगातले स्वेटर काढले. काकाजींनी विचारले, "इकडं थंडी काहून नाही जी?" कारण सोपे आहे. चुलीवरून तवा उतरला की लवकर निवतो. पाण्याचे भरले पातेले लवकर निवत नाही. जमीन तव्यासारखी आहे. समुद्र पातेल्यासारखा आहे. तो हळू तापतो आणि हळू निवतो. म्हणून त्याच्या काठच्या गावांत फार थंडी नाही, फार कडक ऊनही नाही. आपला विदर्भ समुद्रापासून दूर. आपल्याकडे दोन्ही कडक.

वसईचा मुलूख हिरवागार. केळीच्या बागा, पानमळे, फुलांची शेते. राजेळी केळी सुकवून तिथे सुकेळी करतात. गावागावांत चर्च आहे, देऊळही आहे. निर्मळ नावाच्या गावात तर शंकराचार्यांचे मंदिर आहे, चर्चही आहे. कार्तिकात तिथे मोठी जत्रा भरते.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. ते तिथे दोनशे वर्षे राहिले. त्या काळात इथले पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी मोठी लढाई करून वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले. इथले ख्रिस्ती मात्र इथलेच होते, ते कुठे जाणार? ते आपली शेती करीत राहिले. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांचा मागे राहिला. त्याचा अर्थ जन्म. येशू ख्रिस्ताच्या जन्माचा हा सण.

२४ तारखेच्या रात्री आम्ही चर्चच्या पटांगणात गेलो. प्रार्थना मराठीत होती. पूर्वी ती लॅटिन भाषेत होत असे, लोकांना कळत नसे. १९६२ ते १९६५ या काळात रोमला धर्मगुरूंची मोठी परिषद झाली. लोकांच्या भाषेत प्रार्थना करण्यास तिने मोकळीक दिली. आपल्या भाषेत देवाचे नाव ऐकायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्ञानोबांच्या मुलखातल्या माणसाला हे सांगायला नको.

पटांगणात एक गोठा मांडला होता. गवत, गाय, मेंढरे, आणि गव्हाणीत बाळ. येशूचा जन्म गोठ्यात झाला असे सांगतात. काकाजी बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "गाय बाकी चांगली केली. शिंगं जरा बारीक झाली."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. आम्हांला मनात धाकधूक होती. काकाजी जेवतील का? सणाला त्या घरी मांसाचा बेत असतो. काकाजींनी उपाशी उठावे तर यजमानांचा अपमान. जेवावे तर माळेचा नेम मोडतो. घरच्या आजींनी ते आधीच ओळखले होते. त्यांनी नवी भांडी काढली होती. वेगळ्या चुलीवर वालाची भाजी, भात आणि तांदळाची भाकरी केली होती. शेजारी नेवऱ्या होत्या, म्हणजे आपल्या करंज्याच. आजी म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पानात काय आहे ते मी सांगते. मग तुम्ही ठरवा." आजींनी एकेक पदार्थ सांगितला. काकाजी जेवले. भाकरी मागून घेतली.

जेवणाआधी आजींच्या नातीचा फोन आला होता. ती ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात असते. ती म्हणाली, "इकडं फार उकडतंय. आम्ही समुद्रावर आलोय." काकाजी चक्रावले. नाताळ आणि उन्हाळा? तेव्हा आमच्या स्नेह्यांनी एक संत्रे घेतले. त्यातून वरून खाली बांबूची काडी आरपार घातली. मधोमध दिवा ठेवला. काडी थोडी तिरपी धरली आणि तिरपेपणा न बदलता संत्रे दिव्याभोवती फिरवले. दिवा म्हणजे सूर्य, संत्रे म्हणजे आपली पृथ्वी. एका बाजूला संत्र्याचा वरचा भाग दिव्याकडे कलतो. तो आपला उन्हाळा. समोरच्या बाजूला गेले की वरचा भाग दिव्यापासून दूर कलतो आणि खालच्या भागावर उजेड जास्त पडतो. तो आपला हिवाळा, आणि खालच्या देशांचा उन्हाळा. ऑस्ट्रेलिया खालच्या भागात आहे. डिसेंबरात मेलबर्नला सूर्य रात्री साडेआठनंतर मावळतो. हा प्रयोग तुम्हीही घरी करून पाहा. संत्रे वाया जात नाही.

दुपारी चारला आम्ही समुद्रावर गेलो. पाणी दूर गेले होते. ओली वाळू लांबवर पसरली होती. पार पलीकडे एक काळा खडक दिसत होता. पोरे म्हणाली, "तिथवर जाऊन येतो." आजींनी त्यांना थांबवले. त्यांनी काकाजींना विचारले, "भाऊ, आज तिथी कोणती?"

काकाजींनी पंचांग काढले. चतुर्दशी होती.

आजी म्हणाल्या, "चौदाची पाऊणपट करा." चौदा गुणिले पाऊण म्हणजे साडेदहा. साडेदहाला पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पावणेपाचला. तिथून पाणी परत फिरणार.

पोरांना वाटले, फिरले तर फिरले, पाणी दिसेलच की. इथेच नवखा माणूस फसतो. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात बारा भागांतला एकच भाग चढते. दुसऱ्या तासात दोन भाग. तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन भाग. आणखी एक. वाळूत खोलगट ओहोळ असतात. आधी ते भरतात. समोर वाळू कोरडी दिसते आणि पाठीमागे वाट बंद होते. त्यात पौर्णिमा आणि अमावास्या जवळ असली की उधाण असते. भरती मोठी येते, ओहोटीही मोठी लागते. अष्टमीच्या सुमारास जोर कमी असतो, त्याला भांग म्हणतात.

पोरे थोड्या अंतरावर, घोट्याएवढ्या पाण्यात खेळली. पावणेपाचला काकाजींनी हाक मारली. पोरे कुरकुरत आली. सव्वासहाच्या सुमारास आम्ही काठावर उभे होतो. चंद्र वर आला होता. खडकाभोवती पाणी होते. अलीकडचा ओहोळ भरून वाहत होता. थोरला पुतण्या काही बोलला नाही. त्याने धाकट्याचा हात धरला.

पाऊणच का, हे काकाजींनी रात्री विचारलेच. भरती चंद्राच्या ओढीने येते. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. हा हिशेब वसई आणि मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. त्यात थोडा वेळ इकडेतिकडे होतो. दुसऱ्या किनाऱ्यावर वेळ वेगळी असते. तिथे कोळी बांधवांना विचारावे. भरतीच्या वेळा वर्तमानपत्रांतही छापून येतात, आता तुम्हांला त्या वाचता येतील.

परतीच्या गाडीत काकाजी पंचांग उघडून बसले होते. पोरांना एकेक तिथी विचारीत होते. तुम्हीही मांडून पाहा. एकादशीला पूर्ण भरती किती वाजता? अष्टमीला ओहोटी किती वाजता? कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असे मोजावे. अमावास्येला पंधरा धरावे.