पाणी : हक्क आणि जबाबदारी
तानाजीसागराच्या काठावरून एक अभ्यासपाठ

स्मरणिकेत आठवणी लिहिण्याची प्रथा आहे, आणि आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींत तानाजीसागर आल्यावाचून राहत नाही. पावसाळ्यातील धुके, वैशाखात उघडा पडणारा तांबडा काठ, रविवारी सकाळी गुरुजींच्या देखरेखीखाली झालेली आंघोळ, हे सारे अनेकांनी लिहिले आहे. या लेखात त्याच जलाशयाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याचा आमचा हेतू आहे. त्या काठावर वाढलेली कितीतरी मुले आज पुण्यात संसार करीत आहेत, आणि त्यांच्या घरच्या नळाला येणारे पाणी याच खोऱ्यांतून खाली उतरते. ज्याच्या काठी आपण लहानाचे मोठे झालो, त्याचे आपण काही देणे लागतो की नाही, हा या पाठाचा प्रश्न आहे.

जलाशयाची ओळख

पानशेतचे धरण आंबी नदीवर आहे. शेजारच्या मोसे नदीवर वरसगावचे आणि मुठा नदीवर टेमघरचे धरण आहे. या तिन्हींचे पाणी खडकवासल्यात येते. साठवणक्षमता पाहिली तर पानशेत सुमारे १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला अवघे १.९७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पुणे शहराचे पाणी खडकवासल्याचे म्हणून ओळखले जाते. प्रत्यक्षात वर्षभराचा साठा वरच्या डोंगरांत असतो. तेथूनच पुढे कालव्याने हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतील शेती भिजते.

१२ जुलै १९६१ रोजी बांधकाम अपुरे असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही तोडले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वर जे घडते ते खाली भोगावे लागते, हे त्या एका दिवसाने सर्वांना शिकविले. पाण्याची प्रत बिघडते तेव्हा मात्र असा आवाज होत नाही. ती थोडी थोडी बिघडते, आणि लक्षात येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. या जलाशयांसाठी येथील गावांनी आपली भातखाचरे, घरे आणि दैवते पाण्याखाली सोडली. जी वस्ती वर सरकली, तिच्या वाट्याला उन्हाळ्यात अजूनही झऱ्यावरची पायपीट येते. ‘धरण उशाला अन् कोरड घशाला’ ही म्हण अशाच काठांवर जन्मली असावी. म्हणून पाणी जपण्याची गोष्ट करताना केवळ खालच्यांच्या सोयीसाठी वरच्यांनी नियम पाळावेत, असे म्हणणे आम्हाला न्याय्य वाटत नाही.

पाणी कशाने बिघडते?

विद्यार्थ्यांना आम्ही चार कारणे शिकवितो.

पहिले कारण माती. सह्याद्रीच्या या भागात पाऊस मुसळधार पडतो. उतारावरची झाडी तुटली, रस्त्यासाठी वा प्लॉटसाठी डोंगर फोडला, की मोकळी झालेली माती पहिल्याच पावसात ओढ्यात येते. तिने पाणी गढूळ होते आणि तळाशी बसून साठा घटतो.

दुसरे कारण मैला. उघड्यावरचे शौच, तळ नसलेल्या शौचटाक्या, ओढ्यात सोडलेले सांडपाणी यांतून रोगजंतू पाण्यात येतात. अतिसार, कावीळ, विषमज्वर यांचे मूळ येथे असते. असे पाणी दिसायला नितळ असू शकते, हे विशेष ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण खताचा अंश. रासायनिक खते आणि कपड्यांची साबणपावडर यांतून नायट्रोजन व फॉस्फरस पाण्यात उतरतात. शेतात जे पिकाला पोसते, तेच तलावात शेवाळाला पोसते. शेवाळ माजते, मरते, कुजते. कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तडफडतात.

चौथे कारण आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोरचे : सहलीला आलेल्यांच्या पत्रावळ्या, बाटल्या, निर्माल्य, आणि काठावर धुतल्या जाणाऱ्या गाड्या.

शुद्ध आणि स्वच्छ

येथे आमचे विद्यार्थी एका शब्दापाशी थांबतात : शुद्ध. या शब्दाचा इतिहास आपल्या समाजाला अनुभवाने ठाऊक आहे.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केला. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केले, परंतु ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. त्यानंतर तळे ‘बाटले’ म्हणून १०८ घागरींनी, शेण, गोमूत्र, दूध व दही वापरून, त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. न्यायालयीन लढा दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

विज्ञानाच्या तासाला आम्ही विचारतो : त्या १०८ घागरींच्या आधी आणि नंतर तळ्यातील पाण्याचा नमुना तपासला असता, तर काय दिसले असते? मुले हसतात आणि मग गंभीर होतात. माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडत नाही, शेणाने मात्र बिघडते, हे उत्तर त्यांना स्वतःलाच सापडते. शुद्धी मनाने ठरविता येते. स्वच्छता तपासावी लागते. पेयजलाच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही असता कामा नये. ही कसोटी पाणी भरणाऱ्याची जात विचारीत नाही.

बौद्ध परंपरेत पाण्याचा विचार याच व्यवहारी अंगाने आलेला आहे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन आहे. पातिमोक्खातील सेखिय नियमांत निरोगी भिक्खूला पाण्यात मलमूत्र विसर्जन करण्यास वा थुंकण्यास मनाई आहे. आणि ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या परिव्रज्येचे निमित्त म्हणून सांगितलेला प्रसंगही पाण्याचाच आहे : रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला कलह.

लोकांनी काय केले?

लोकसहभागाने पाण्याची प्रत राखता येते, याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. कोल्हापूरचा रंकाळा तलाव नाल्यांच्या सांडपाण्याने हिरवा पडू लागला, तेव्हा नागरिकांनी आवाज उठविला. विसर्जित गणेशमूर्ती दान करण्याची चळवळ महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने लावून धरली. निर्माल्य वेगळे घेण्याची आणि मूर्ती इराणी खणीत विसर्जित करण्याची पद्धत तेथे रुजली. श्रद्धेला हात न लावता सवय बदलता येते, हा त्यातील धडा. पुण्यातून डॉ. विश्वास येवले यांनी २००२ मध्ये जलदिंडी सुरू केली. आळंदीहून पंढरपूरपर्यंत नावेने जाताना नदी कोठे कशी बिघडते, हे माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो.

गावपातळीवरही साधने उपलब्ध आहेत. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकून पाणी निर्जंतुक करतो. पावसाळ्यापूर्वी व नंतर पाणवठ्यांच्या परिसराची पाहणी होऊन जोखमीप्रमाणे लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यातील जंतुचाचणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवले आणि एकदोन दिवसांत ते काळे पडले, तर ते मैल्याने दूषित असल्याचा इशारा समजावा. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.

विद्यार्थ्यांसाठी याहून सोपे साधन १८६५ मध्ये इटलीतील खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी वापरले. वीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी-काळी थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते त्या खोलीची नोंद ठेवायची. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, महिन्यातून एकदा अशी नोंद घेतली तरी पाच वर्षांत तलावाच्या गढूळपणाचा इतिहास हाती येतो.

आमची चूक

इतरांना शिकविण्यापूर्वी स्वतःच्या अंगणाची तपासणी करणे आवश्यक होते. ती आम्ही केली, तेव्हा खजील व्हावे लागले. वसतिगृहातील मुलांच्या कपड्यांचे साबणपाणी कित्येक वर्षे उताराने ओढ्यात आणि ओढ्यातून जलाशयात जात होते. आम्ही सहलकऱ्यांच्या बाटल्या उचलीत होतो आणि आमचे फेसाळ पाणी आम्हालाच दिसत नव्हते. ही गोष्ट प्रथम एका विद्यार्थिनीने निदर्शनास आणली. ओढ्याचा उगम पाहायला गेलेल्या गटाने काढलेल्या नकाशात तिने आमच्या धुण्याच्या ओट्यापासून एक बाण काढला होता. त्यानंतर ते पाणी शोषखड्ड्यातून आणि केळी-कर्दळीच्या वाफ्यांतून मुरविण्याची व्यवस्था झाली. पावसाळ्यात शोषखड्डा तुंबतो आणि तो उपसावा लागतो. काम संपलेले नाही. तो बाण मात्र आम्ही नकाशावरून पुसलेला नाही.

वरचा काठ, खालचा काठ

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. अनेकांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला आणि दूषित पाण्याकडे लक्ष वेधले गेले. त्या परिसरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी ते दिवस कसे काढले असतील, याची कल्पना करता येते. पाणी पुरविणे आणि पाणी निर्धोक करून पुरविणे यांतील अंतर केवढे असते, हे तेव्हा दिसले.

आणि साखळी तेथेच थांबत नाही. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. आम्ही पुण्याच्या वरच्या काठावर आहोत, तसे पुणे सोलापूरच्या वरच्या काठावर आहे. म्हणून पुणेकरांना आमची विनंती आहे की, वरच्या गावांच्या शौचालयांचा, सांडपाण्याच्या व्यवस्थेचा आणि झाडीचा खर्च हा आपल्याही पाणीपट्टीचा भाग समजावा. ज्यांनी जमीन दिली त्यांनीच राखणही फुकट करावी, ही अपेक्षा समतेत बसत नाही.

चवदार तळ्यावर आपल्या पूर्वजांनी पाण्यावरचा हक्क मिळविला. ओंजळ भरण्याचा अधिकार त्यांनी आपल्या हाती दिला. त्या ओंजळीतले पाणी पिण्याजोगे राखणे आपल्याकडे आले आहे.

विचारासाठी आणि कृतीसाठी

१. आपल्या घरच्या नळाचे पाणी कोणत्या जलाशयातून येते आणि घरातून गेलेले सांडपाणी कोठे पोहोचते? दोन्ही वाटा कागदावर काढा.

२. आपल्या गावातील पाणवठ्याला या वर्षी कोणते कार्ड मिळाले? लाल वा पिवळे असल्यास कारण विचारा.

३. घरच्या शौचटाकीला पक्का तळ आहे का? ती शेवटची कधी उपसली?

४. माजी विद्यार्थी मेळाव्यास येताना आपली थाळी, पेला आणि पाण्याची बाटली सोबत आणावी. परतताना आणलेले सर्व परत न्यावे.

५. ‘शुद्ध’ आणि ‘स्वच्छ’ या दोन शब्दांतील फरक आपल्या मुलांना एका उदाहरणाने समजावून सांगा.