बंदीच्या दिवसांत पिकअपचं इनटेक पॅकिंग बघून घ्या



16 जून ते 15 ऑगस्ट आपल्या राज्यात नदी-जलाशयातली मासेमारी बंद असते. या दिवसांत जाळी विणली जातात, डोंग्यांना डांबर लागतं, पण मासे नेणारी पिकअप अंगणात तशीच उभी राहते. आपल्या डोंग्यांना इंजिन नाही, धंद्यातलं इंजिन काय ते त्या गाडीतच. म्हणून या वेळी गाडीबद्दल लिहितो आहोत.

एअर फिल्टरमधून गाळून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारा फाटेदार पाइप म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. तो इंजिनच्या हेडला जिथं बसतो तिथं मधे पातळ पॅकिंग असतं, त्यालाच गॅस्केट म्हणतात. तापून, थंड होऊन, हादरे खाऊन ते कडक होतं आणि एखाद्या कोपऱ्यात फाटतं.

टर्बोची गाडी असेल तर फाटलेलं लवकर कळतं. दाबलेली हवा बाहेर सुटते, फुस्स आवाज येतो, डिझेलला हवा पुरत नाही, काळा धूर निघतो. माल भरून सिल्लेवानीचा घाट चढताना गाडी दम टाकते आणि मागं बर्फ वितळत बसतो. आजूबाजूला तेलकट काळा डागही दिसतो.

बिनटर्बोच्या जुन्या गाडीत मात्र उलटं होतं. इंजिन स्वतः हवा ओढतं, त्यामुळं फटीतून बाहेरची हवा न गाळता आत जाते. गाडी ओढते, धूर नाही, तक्रार नाही. पण तलावाच्या पाळीवरची, कच्च्या रस्त्याची धूळ रोज पिस्टनच्या रिंगा आणि लायनर घासत राहते. इंजिन ऑइल पिऊन निळा धूर सोडायला लागलं की मग पूर्ण इंजिन खोलावं लागतं. आमच्या मते ही गाडी जास्त धोक्याची. फिल्टर नेमानं झटकणारे आपल्यात पुष्कळ आहेत, पण फिल्टरच्या पुढं फट असेल तर ते झटकणं फुकट जातं बघा.

तपासायला इंजिन चालू ठेवून जोडावर साबणाचं पाणी थोडं थोडं टाका. टर्बोच्या गाडीत एक्सलेटर दाबल्यावर बुडबुडे येतात, बिनटर्बोत पाणी आत ओढलं जातं. फटीवर पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे कधीच मारू नका. डिझेल इंजिन ते पिऊन बेफाम पळतं, चावी बंद केली तरी थांबत नाही.

आता काम. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी पाहिजे. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा, जोर लावून स्टड तुटला तर अर्ध्या दिवसाचं काम तीन दिवसांवर जातं. पाइप, क्लॅम्प काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. काही इंजिनांत मॅनिफोल्डमधून कूलंटही फिरतं, तसं असेल तर ते आधी काढा.

मॅनिफोल्ड निघाला की हेडच्या भोकांत लगेच स्वच्छ फडकी कोंबा, आणि किती कोंबली ते मोजून ठेवा. एक नट किंवा जुन्या पॅकिंगचा तुकडा आत पडला तर तो व्हॉल्व्हखाली जातो. मॅनिफोल्डच्या आतून बोट फिरवून बघा. बोटाला कोरडी धूळ लागली तर ती फटीतूनच आली किंवा फिल्टर नीट बसत नाही.

जुनं पॅकिंग खरवडायला लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. ॲल्युमिनियमवर ग्राइंडर फिरवला तर खड्डे पडतात, मग नवं पॅकिंगही धरत नाही. नवं पॅकिंग जुन्यावर ठेवून भोकं जुळतात का पाहा. पुठ्ठ्याचं कापून बसवणारे आहेत, ते चार फेऱ्यांत फाटतं. शेलॅक किंवा सिलिकॉन मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच लावा, जास्तीचं सुटून आत जातं.

फडकी मोजून बाहेर काढा, मगच मॅनिफोल्ड बसवा. नट आधी सगळे हातानं लावा, मग मधल्यापासून सुरू करून दोन्हीकडं, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. एका टोकाचा पूर्ण आवळून पुढं गेलात तर दुसरं टोक उचलतं. शेवटची फेरी टॉर्क पान्यानं, मॅन्युअलच्या आकड्यावर.

इंजेक्टरचे स्टीलचे पाइप आड येत असतील तर थांबा आणि मिस्त्रीला बोलवा. कॉमन रेलच्या गाडीत डिझेलचा दाब 1000 बारच्या वर जातो, ती चिळकांडी कातडीत घुसते. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्याही घरी खोलू नका, त्यांत सेन्सर आणि ईजीआर जोडलेले असतात.

दुकानात जाताना इंजिन नंबर लिहून न्या, नुसतं गाडीचं नाव सांगून चालत नाही. संस्थेकडं एक टॉर्क पाना आहे. वहीत सही करून न्या आणि दुसऱ्या दिवशी आणून द्या, जुलैत त्याला मागणी फार असते.