नित्यसेवेकडून आपत्सेवेकडे : आरोग्य यंत्रणेची पूर्वतयारी

बाह्यरुग्ण तपासणी, गरोदर मातांची नोंदणी, बालकांचे लसीकरण, क्षयरुग्णांचा औषधोपचार ही प्राथमिक आरोग्य केंद्राची कामे वर्षभर अव्याहत चालू असतात. साथ, पूर वा दुष्काळ ओढवला म्हणजे त्यासाठी वेगळी यंत्रणा राखून ठेवलेली नसते. त्याच डॉक्टरांना, परिचारिकांना व आशा स्वयंसेविकांना नव्या कामाकडे वळावे लागते. हे वळण कसे घ्यावयाचे, याचा निर्णय संकटापूर्वीच होणे अगत्याचे आहे.

जिल्ह्याची परिस्थिती

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. अंबड व घनसावंगी तालुक्यांच्या कडेने गोदावरी वाहते, तर जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणप्रवण आहे. २०१२-१३ च्या तीव्र दुष्काळात येथील अनेक गावे टँकरवर अवलंबून होती. अशा वेळी पाण्याचा प्रश्न आरोग्याचाही प्रश्न बनतो. टँकर भरण्याचे ठिकाण तपासणे, पाण्यात टीसीएल पावडर योग्य प्रमाणात टाकली जाते की नाही हे पाहणे आणि अतिसाराच्या रुग्णांची गावनिहाय नोंद ठेवणे ही कामे एकाएकी वाढतात. ती कोणी करावयाची, हे नावानिशी ठरलेले नसेल तर साथ फैलावल्यानंतरच धावपळ सुरू होते.

रंगीत तालमीचे महत्त्व

कोविड प्रतिबंधक लसीकरणापूर्वी २ जानेवारी २०२१ रोजी देशभर रंगीत तालीम घेण्यात आली. महाराष्ट्रात त्यासाठी पुणे, नागपूर व नंदुरबारसह जालना जिल्ह्याची निवड झाली होती. प्रत्येक केंद्रावर २५ आरोग्य कर्मचारी लाभार्थी म्हणून बोलाविण्यात आले. लस प्रत्यक्ष टोचावयाची नव्हती; परंतु ओळख पटविणे, संगणकावर नोंद करणे, प्रतीक्षा कक्ष, लसीकरण कक्ष आणि अर्ध्या तासाचे निरीक्षण हे सर्व टप्पे पार पाडावयाचे होते. प्रत्यक्ष लसीकरण १६ जानेवारीस सुरू झाले. मधले दोन आठवडे उणिवा दूर करण्यासाठी हाताशी होते. कागदावरील योजनेतील उणीव तालमीतच उघडी पडते, हा यातील धडा होय.

काय थांबवावे, काय थांबवू नये

मनुष्यबळ वळविताना नित्यसेवा खंडित झाल्यास तिची किंमत पुढे मोजावी लागते. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. क्षयरोग घटला नव्हता, रुग्ण शोधण्याचे काम मंदावले होते. २०२२ च्या अखेरीस मुंबई व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा अनेक बालकांचे लसीकरण राहून गेल्याचे आढळले.

यास्तव प्रत्येक केंद्राने आपल्या कामांची तीन भागांत विभागणी करावी. बैठका व प्रशिक्षण वर्ग पुढे ढकलता येतात. किरकोळ आजारांची तपासणी कमी मनुष्यबळात चालविता येते. प्रसूती, बाललसीकरण, क्षयरोगाची औषधे व सर्पदंशावरील उपचार मात्र कोणत्याही परिस्थितीत थांबता कामा नयेत. ही यादी, पर्यायी कर्मचाऱ्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक व औषधसाठ्याचा तपशील केंद्रात सहज दिसेल असा लावावा आणि पावसाळ्यापूर्वी त्याची तालीम घ्यावी.

संकट ओसरल्यावर नित्यसेवेकडे परतण्याचा दिवसही ठरविला पाहिजे. राहून गेलेली बालके व खंडित उपचारांचे रुग्ण यांची यादी करून त्यांच्या घरी पोहोचल्यावरच आपत्सेवा खऱ्या अर्थाने पूर्ण होते.