माआदीचे सूर्ययंत्र

उन्हात भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ तुम्ही कधीतरी केलाच असेल. पसरलेले ऊन एका ठिकाणी गोळा झाले की केवढी उष्णता निर्माण होते, हे त्या खेळात दिसते. 1913 साली याच युक्तीने इजिप्तमध्ये नाईल नदीचे पाणी उपसण्यात आले. इजिप्त म्हणजे तुमच्या उर्दू पुस्तकातला मिस्र देश.

हे काम केले फ्रँक शुमन यांनी. ते अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचे रहिवासी. काचेत तारेची जाळी बसवून ती मजबूत करण्याची पद्धत त्यांनी शोधली होती. पण त्यांना खरा ध्यास होता तो उन्हाचा.

त्यांनी इजिप्तच का निवडला? तेथे पाऊस फारच थोडा आणि आकाश बहुतेक दिवस निरभ्र. शेती सगळी नाईलच्या पाण्यावर. पाणी वर चढवायचे तर पंप हवा, पंपाला कोळसा हवा. आणि कोळसा यायचा परदेशातून जहाजाने! साहजिकच तो महाग पडे. ऊन मात्र फुकट होते.

कैरो शहराच्या दक्षिणेस माआदी नावाचे गाव होते. तेथे शुमन यांनी पाच लांबलचक पन्हळी उभारल्या. प्रत्येक पन्हळ सुमारे 62 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद होती. आतल्या बाजूला आरसे आणि मधोमध पाण्याचा लांबट बॉयलर. आरशांवर पडलेले ऊन त्या बॉयलरवर एकवटे. पाण्याची वाफ होई, वाफेवर इंजिन चाले आणि इंजिनावर पंप. सूर्य सरकेल तशा या पन्हळीही आपोआप वळत.

पहिल्या चाचणीत मात्र फजिती झाली. बॉयलर जस्ताचे होते. ते तापून मऊ पडले आणि वाकले. ऊन कमी पडले म्हणून नव्हे, जास्त झाले म्हणून यंत्र बिघडले! मग ओतीव लोखंडाचे बॉयलर बसवले. 1913 च्या उन्हाळ्यात पाहुण्यांसमोर यंत्र सुरू झाले. त्याची शक्ती सुमारे 50 अश्वशक्ती होती. मिनिटाला सुमारे 6000 गॅलन पाणी वर येऊ लागले.

असा प्रयत्न आपल्या मुंबईतही झाला होता. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांच्या साहाय्याने वाफेचे छोटे इंजिन चालवले होते. त्यावरचे त्याचे पुस्तक 1878 साली मुंबईतच छापले गेले. पण ते काम पुढे गेले नाही.

माआदीचे काम पुढे जाईल असे वाटत होते. सुदानमध्ये कापसाच्या शेतीसाठी अशी यंत्रे बसवण्याची बोलणी चालू होती. इतक्यात 1914 साली पहिले महायुद्ध पेटले. यंत्रावरची माणसे आपापल्या देशात परतली. पन्हळी थांबल्या. 1918 साली शुमन वारले. पुढे खनिज तेल स्वस्तात मिळू लागले, तेव्हा उन्हाची आठवण कोण ठेवणार?

आज माआदी हे कैरोचे एक उपनगर आहे. त्याच्या दक्षिणेस, वाळवंटात कुरैमात येथे 2011 साली एक वीजकेंद्र सुरू झाले. तेथे नैसर्गिक वायूच्या जोडीला उन्हाचाही उपयोग केला जातो. त्यासाठी आरशांच्या लांबच लांब पन्हळी बसवल्या आहेत. बॉयलरच्या जागी तेलाने भरलेल्या नळ्या आहेत, एवढाच मुख्य फरक. पन्हळींचा आकार शुमन यांच्या पन्हळींसारखाच आहे, आणि त्याही सूर्याबरोबर वळतात.