हक्कसोडपत्राला क्षमा म्हणत नाहीत

बाबांच्या बाराव्याला, पंगतीची पानं उठायच्या आत, दादाने वारसनोंदीचा अर्ज पुढे सरकवला. नावं तीन: आई, दादा, ताई. माझं नव्हतं, कारण मी ख्रिस्ती झालेलो. विचारलं तर म्हणतो, "पाव खाल्लास तेव्हाच तू आमचा राहिला नाय. आता जमिनीचं काय घेऊन बसलास?" म्हसळ्यात असलं बोलणं संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर पोचतं. पोचलंच.

हे बोलणारा दादा कोण? बाबा पिऊन आईवर हात टाकायचे तेव्हा मागल्या दाराने सटकणारा. मुंबईच्या इस्पितळात बाबांच्या पोटात पाणी झालं, पाय सुजून चप्पल शिरेना, तेव्हा फोनवर नुसतं "बघतो, बघतो". त्यांचं हगणं-मुतणं मी काढलं.

खरं सांगायचं तर त्या बापाला मी बोटही लावलं नसतं. पण तोवर वसईच्या एका मित्राबरोबर मी चर्चला जायला लागलो होतो. रात्री फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' वाचायचो. त्यात उधळ्या मुलाची गोष्ट आहे. आमच्या घरात उधळा बाप होता, एवढाच फरक. हे ध्यानात आलं आणि डोक्यातली आग जरा निवली. अंग पुसताना बाबा एकदा म्हणाले, "तुझ्या देवाला सांग, पोटातलं पाणी तेवढं काढ म्हणावं." आम्ही दोघंही हसलो. बापाबरोबर हसल्याची दुसरी आठवण माझ्याकडे नाही.

पण घर काही बदललं नाही. तेव्हा या वाटेने येणाऱ्यांना आधीच सांगतो, घर सुधारेल या आशेने येऊ नका. ना. वा. टिळक आपल्या कोकणातले, करजगावचे. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई दुरावल्या. त्या आल्या त्या काही वर्षांनी, स्वतःच्या विचाराने. 'स्मृतिचित्रे' वाचा, म्हणजे घरच्यांना घाई करणार नाही. धीर धरा, आईशी बोलणं तोडू नका, वगैरे तुम्हाला कोणीही सांगेल.

तेल चोळून दारू सोडवणारे भेटतील. मलाही एक भेटला. आधी देणगीचा आकडा सांगत होता. दारूसाठी पुण्याचं मुक्तांगण आहे, 1986 पासून. प्रार्थना जरूर करा, पण माणसाला गाडीत घालून तिथे न्या.

आणि जमीन. धर्म बदलला की हक्क गेला, हे दादाला ज्या वकिलाने सांगितलं त्याने हिंदू उत्तराधिकार कायदाच वाचलेला नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तुमचा वारसा धर्मांतराने बुडत नाही. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही धर्म बदललेल्या एका मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस मानलं. गोम मुलांची आहे. त्याच कायद्याच्या कलम 26 मुळे, धर्मांतरानंतर झालेली मुलं वारसा उघडताना हिंदू नसतील, तर त्यांना तुमच्या हिंदू नातलगांचा वारसा मिळत नाही. म्हणून आपला हिस्सा आपल्या हयातीत आपल्या नावावर लावून घ्या.

'आपली चावडी'वर गावाच्या फेरफार नोटिसा दिसतात, त्या बघत राहा. हरकत तोंडी सांगून उपयोग नाही. पंधरा दिवसांच्या मुदतीत तलाठ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. मग मंडळ अधिकाऱ्याला दोन्ही बाजू ऐकाव्याच लागतात. चुलते मध्यस्थीला येतील, "कशाला पोलीस-कचेऱ्या?" म्हणतील. त्यांना चहा पाजा.

परवा दादाने व्हॉट्सॲपवर हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. खाली लिहिलंय, "तुमचा येशू क्षमा करा म्हणतो ना?" म्हणतो. म्हणूनच तर पुतणीच्या लग्नाला आहेर घेऊन गेलो, मांडवात कोणी बस म्हटलं नाही तरी जेवून आलो. हक्कसोडपत्र नोंदवायला मात्र दुय्यम निबंधकासमोर उभं राहावं लागतं, आणि तिथे मी जाणार नाही.